पेवाचं अस्तर

माझ्या थोरल्या मामांवर ज्वारी चोरून विकल्याचा आळ आला तो माझ्या गणितामुळे. घरातल्या मुलांना मी एवढंच सांगत आलो की लेव्हीच्या काळात मामांना फार त्रास झाला. त्रास कोणी दिला, हे कोणी विचारलं नाही आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही. आता ते दोघेही मामा राहिले नाहीत, तेव्हा सांगून टाकतो.

वडील गेले तेव्हा मी चार वर्षांचा होतो. आई मला घेऊन माहेरी आली. अंबडहून जांबेकडे जी गाडीवाट जाते, तिच्यावर ते गाव. दोन मामा. थोरले उंच, कमी बोलणारे. धाकटे त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, गप्पिष्ट आणि थोरल्यांच्या शब्दाबाहेर नसलेले. चुली वेगळ्या झाल्या होत्या, पण शेत एकत्र आणि पेवही एकच. दोघांची ज्वारी त्या एका पेवात पडायची आणि निघाली की निम्मी-निम्मी व्हायची. त्यावरून कधी भांडण झाल्याचं माझ्या आठवणीत नाही.

ज्यांनी पेव पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. उंच, कडक जागा बघून जमिनीत खणलेला हा खड्डा असतो. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत मात्र रांजणासारखं पोट. मातीची ओल धान्याला लागू नये म्हणून आतून चारी बाजूंनी कडबा आणि भुसा ठासून अस्तर करतात, वर सिंदीच्या चटया लावतात. मग ज्वारी ओतायची, तोंडावर शिळा, शिळेवर माती. दोन-दोन वर्षं धान्य टिकतं. थोरल्या मामांच्या हातचं अस्तर पंचक्रोशीत नावाजलेलं होतं. दुसऱ्या गावचे लोक त्यांना अस्तर लावायला बोलवायचे आणि ते जायचे. पेवात उतरून एक नजर फिरवली की यात किती खंडी, म्हणजे वीस-वीस मणांच्या किती राशी, बसतील ते सांगायचे.

त्यांनीच मला जालन्याला शिकायला ठेवलं. हैदराबाद संस्थानातली शाळा, तिथं सगळं उर्दूत. मी उर्दूत शिकलो, उर्दूत पहिला आलो, पुढं औरंगाबाद केलं आणि शेवटी बी.ए.ला गणित घेऊन हैदराबादला गेलो. मामांनी गाव सोडून कधी परतूरच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, पण मला गाडीत बसवायला जालना स्टेशनापर्यंत आले. हैदराबाद किती लांब आहे ते त्यांनी दोनदा विचारलं.

हैदराबादला आम्हाला एक वयस्कर प्रोफेसर होते. उर्दूत ज्याला तकम्मुल म्हणत, ते म्हणजे आजचं संकलन, ते शिकवत. ओबडधोबड, गोलगरगरीत वस्तूचं घनफळ कसं काढायचं? तिच्या आडव्या पातळ चकत्या कल्पायच्या, भाकरीच्या चवडीसारख्या, प्रत्येक चकतीचं घनफळ मांडायचं आणि सगळी चवड एका झटक्यात बेरजेत आणायची. वस्तू पोकळ असली, आरपार भोक असलं, तर चकतीची बांगडी होते. मग बाहेरच्या वर्तुळातून आतलं वर्तुळ वजा करायचं.

एके दिवशी त्यांनी मण्याचं उदाहरण दिलं. एक गोळा घ्या, मधोमध आरपार गोल भोक पाडा. उरेल तो मणी. त्या मण्याची उंची बोटभर असेल तर त्याचं घनफळ ठरलेलं. मूळ गोळा लिंबाएवढा असो की चारमिनारएवढा, उत्तर तेच. मोठ्या गोळ्याचा मणी रुंद पण कागदासारखा पातळ होतो, लहान गोळ्याचा अरुंद पण जाड, आणि दोन्हींचं घनफळ सारखं. फळ्यावर गणित करता करता गोळ्याची त्रिज्या आपोआप कटून गेली आणि फक्त उंची उरली. मी वहीकडे कितीतरी वेळ बघत बसलो. एवढी सुंदर गोष्ट मी तोवर पाहिली नव्हती. देवळात जाऊन लोकांना काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं असं वाटलं. पुढं हेच सौंदर्य मला नडलं.

पदवी घेऊन परत आलो तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. मला मास्तर व्हायचं होतं. जालन्याच्या शाळेत जागा नव्हती. अंबडच्या तहसिलीत लेव्हीच्या कामाला अहलकार, म्हणजे कारकून, घेत होते. मी अर्ज केला आणि आठ दिवसांत लागलो.

लेव्ही म्हणजे सरकारला सक्तीनं द्यायचं धान्य. काही खळ्यावरच घेत, उरलेलं पेव उघडलं की. पण पेवात किती आहे हे सरकारला आधी कसं कळावं? भरलेलं पेव मधेच उघडलं तर हवा लागून धान्य जातं, म्हणून रिकामं असतानाच मोजून ठेवायचं. छापील फॉर्मात तीन रकाने होते. पेवाचं एकूण घनफळ, त्यातून वजा अस्तर, आणि बाकी गल्ला, म्हणजे धान्य. माझ्या आधीचे कारकून अस्तर धरतच नसत. लोकांनी ओरड केली, तेव्हा वरून हुकूम आला की अस्तराची जागा वजा करा. ती कशी काढायची हे मात्र हुकुमात नव्हतं.

आमचे साहेब हैदराबादचे कायस्थ. बोलायला मऊ, कपडे स्वच्छ, कामात घाई. त्यांनी विचारलं, हे कोणाला जमेल? मी म्हणालो, मला जमेल. त्यांना आनंद झाला. खरं म्हणजे माझाही आनंद मावत नव्हता. हैदराबादेत शिकलेलं अंबडच्या तहसिलीत कधी उपयोगी पडेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

अस्तर म्हणजे तरी काय, बांगड्यांची चवडच. बाहेरची त्रिज्या पेवाची, आतली त्रिज्या पोकळीची. मी कागद घेऊन बसलो आणि एका दुपारी सगळं उरकलं. आणि काय सांगू, त्रिज्या कटून गेली. पेवाचं पोट मोठं असो की लहान, उत्तरात फक्त अस्तराची जाडी आणि पेवाची खोली उरली. मला तो मणी आठवला. तेच सौंदर्य आता माझ्या हातून झालं होतं. मी पुन्हा तपासलं नाही. इतकं देखणं उत्तर चुकीचं असू शकतं ही शंकाही आली नाही. मी जाडी आणि खोली यांचा एकपानी तक्ता केला आणि साहेबांपुढं ठेवला.

"एकच पान?" साहेबांनी उर्दूत विचारलं.

मी म्हणालो, "एकच पुरतं. कोणत्याही पेवाला चालेल."

त्यांनी तक्त्याच्या नकला काढून सगळ्या तालुक्यात धाडल्या.

फाल्गुनात आम्ही मामांच्या गावी गेलो. साहेब, मी, दोन शिपाई. सगळ्या गावाला माहीत होतं की हा यांचा भाचा. म्हणूनच मी आधीपासून ठरवून ठेवलं होतं की मामांच्या पेवाला गुंजभरसुद्धा सूट दिसता कामा नये. दिसली असती तर साहेब काय म्हणाले असते, गाव काय म्हणालं असतं, याचाच विचार मी वाटभर करत होतो. मामांचा विचार केला नाही.

पेव रिकामं होतं, अस्तर अजून लावायचं होतं. कंदील घेऊन मी स्वतः आत उतरलो आणि फुटाफुटावर व्यास मोजला. पोटाशी दहा फूट, म्हणजे त्रिज्या पाच. वर येऊन गणित केलं. एकूण जागा पंचवीस खंडीची. अस्तर किती जाड लावणार म्हणून विचारलं. मामा म्हणाले, नेहमीप्रमाणं, फूटभर. मी तक्ता काढला. फूटभर जाडी, एवढी खोली, म्हणजे अस्तराला एका खंडीची जागा. बाकी चोवीस.

मी आकडा मोठ्यानं वाचला. मामा शिळेवर बसले होते, ते उठून जवळ आले.

"किती म्हणालास?"

"चोवीस खंडी."

"यात पंधरा जातेत," ते म्हणाले. "आमच्या आज्यापासनं पंधराच जातेत."

मी म्हणालो की मी टेप लावून मोजलंय. त्यांनी मान हलवली. ते चिडले नव्हते. मला समजावून सांगावं असा त्यांचा आवाज होता.

"अस्तराला अडीच गाड्या कडबा लागतो, भुसा येगळा. एका खंडीच्या जागेत अडीच गाड्या कडबा बसवून दाव मला. मंग मी तुझं ऐकतो."

आज मला वाटतं की त्या एका वाक्यात सगळी तपासणी होती. बी.ए. झालेल्या माणसाला तेवढी पुरायला हवी होती. डोळ्यांपुढं अडीच गाड्या आणायच्या, डोळ्यांपुढं एक खंडीची रास आणायची, बस्स. पण भोवती गाव जमलं होतं, साहेब खुर्चीत बसून घड्याळ बघत होते. मी म्हणालो, "मामा, तुम्ही भरायचं काम करा. मोजायचं आमच्यावर सोडा."

कोणीतरी हसलं. मामा साहेबांच्या खुर्चीजवळ गेले. कागदावर त्यांनी अंगठा दिला, साक्षीदार म्हणून धाकट्यांनी दिला. थोरल्या मामींनी आमच्यासाठी पुरणाचा स्वयंपाक केला होता. साहेबांना घाई होती म्हणून आम्ही न जेवताच निघालो.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती तेव्हा माझ्याकडे अंबडला राहत होती. ती म्हणाली, "दादा पंधरा म्हणला तर पंधराच असतेल. तू फिरून एकदा बघ की." मी हसलो. तिला समजावं म्हणून जमिनीवर वर्तुळं काढून दाखवली. तिनं नीट बघितली आणि म्हणाली की मला यातलं काय कळतंय.

चैत्रात पेव भरलं. पाऊस झाला, बरा झाला. रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर पेव उघडायचं ठरलं, कारण बी त्यातच होतं. सरकारचा माणूस हजर असल्याशिवाय उघडायची मनाई होती. साहेब मला बरोबर घेऊन गेले.

शिळा काढली, कोंदट हवा जाऊ दिली, आत कंदील सोडून तो विझत नाही ना ते बघितलं. मग दोघं जण आत उतरले आणि पोती वर येऊ लागली. ज्वारी मोत्यासारखी निघाली. अस्तराला लागून बोटभरच काळी पडली होती, बाकी सगळी पांढरीशुभ्र. धाकटे मामा पोती मोजत होते आणि खुशीत होते. त्यांच्या हिश्शाला बारा खंडी यायची होती. चोवीस निम्मे बारा. आजवर पेव भरायचं आणि हिशेब ठेवायचं काम थोरल्यांचंच, धाकटे देतील ती निम्मी घेत. फाल्गुनात सरकारनंच वाचून दाखवलेला आकडा मात्र त्यांनी पाठ करून ठेवला होता. पोराच्या लग्नाचं त्याच भरवशावर ठरवलं होतं.

पंधरा खंडी भरली आणि आतून आवाज आला की चटई लागली.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी कागदाकडे बघितलं. आत उतरून बघून या म्हणून त्यांनी शिपायाला पाठवलं. तो म्हणाला, तळ आहे. साहेब मामांकडे वळले.

"बाकी नौ खंडी किधर है?"

"व्हतीच कुठं?" मामा म्हणाले.

साहेबांना ते उद्धटपणाचं वाटलं. त्या वर्षी सगळीकडे बोलवा होती की लोक ज्वारी चोरून संस्थानच्या हद्दीपलीकडे, इंग्रजी मुलखात नेऊन विकतात. एवढी सरळ केस त्यांच्या हाती प्रथमच आली होती. लेव्ही त्यांनी चोवीस खंडीच्या हिशेबानं लावली, तुटीबद्दल दंड म्हणून वरचंही घेतलं. दोन घरांना खायला म्हणून चार पोती मागं ठेवली. बी नेलं. मामांनी एकदाच सांगितलं की साहेब, बी तेवढं राहू द्या. साहेब म्हणाले, ज्वारी विकायच्या आधी हा विचार करायचा होता.

हे चालू असताना मी धाकट्या मामांकडे बघत होतो. ते थोरल्यांकडे बघत होते.  मग उठून घरी गेले.

मामांना अंबडला आणून तहसिलीच्या कोठडीत ठेवलं. माझी बसायची जागा तिथून पन्नास पावलांवर. आई रोज डबा करून द्यायची आणि मी नेऊन द्यायचो. मामा जेवायचे, डबा धुऊन परत द्यायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी खाली बसलो आणि हळूच म्हणालो, "मामा, कोणाला दिली ते सांगून टाका. मी साहेबांच्या हातापाया पडून तुम्हाला सोडवतो."

मी खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसलोय, म्हणून हेही लिहितो. मला तेव्हा खरोखर वाटत होतं की मामांनी ज्वारी विकली. ज्या माणसानं मला वाढवलं त्याच्यापेक्षा माझा स्वतःच्या एका कागदावर जास्त विश्वास होता.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तुझ्या मायला इचार," ते म्हणाले, "म्या कधी खोटं बोललो का ते." आणि डबा माझ्या हातात दिला.

अकरा दिवसांनी त्यांना सोडलं. गावी गेले तेव्हा धाकट्यांनी शेताची वाटणी मागितली होती. पंचही बोलावले होते. मामांनी हुज्जत घातली नाही. धाकटे दाखवतील ती रेघ मान्य केली. बी नसल्यानं अर्धं रान त्या साली पडीकच राहिलं. दोन्ही घरांच्या मधे, जिथून लहानपणी आम्ही इकडून तिकडं पळायचो, तिथं मातीची भिंत उभी राहिली. पोराचं ठरलेलं लग्न मोडलं.

मला माझी चूक कळली ती महिनाभरानं, परतूरच्या बाजूला. मारवाडी व्यापाऱ्याचं नवं पेव होतं, ओलसर जमिनीत. त्यानं भीतीपोटी अस्तर दुप्पट जाड लावलं होतं, दोन फूट. मी तक्त्यात बघितलं. फूटभर अस्तराला जी जागा, तिच्या चौपट दोन फुटी अस्तराला. मी आकडा लिहिला आणि हात थांबला. जाडी दुप्पट केली तर कडबा चौपट कसा लागेल? उलट आतला थर तर लहान वर्तुळाचा, त्याला कडबा कमी लागायला हवा. दुपटीपेक्षाही कमी.

तिथंच, व्यापाऱ्याच्या ओट्यावर बसून, मी मामांचं पेव मांडलं. पाच आणि चार. पाचाचा वर्ग पंचवीस, चाराचा वर्ग सोळा, वजाबाकी नऊ. बांगडी नऊ भागांची. मी काय केलं होतं? आधी पाचातून चार वजा केले, उरला एक, आणि एकाचा वर्ग केला. एक. नऊच्या ठिकाणी एक. त्रिज्या सौंदर्यानं कटली नव्हती. मी आधीच वजाबाकी करून ती मारून टाकली होती. हैदराबादला आमचे प्रोफेसर पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहायचे की मुरब्ब्यांचा फरक घ्या, फरकाचा मुरब्बा घेऊ नका. मुरब्बा म्हणजे वर्ग. आम्ही मराठी मुलं त्यावर मोरंब्याचे विनोद करायचो. शाळकरी पोरं करतात ती चूक. मी सगळं पेव फुटाफुटानं पुन्हा मांडलं. अस्तराला दहा खंडीची जागा निघाली. बाकी पंधरा.

पोकळीचं माप घेऊन सरळ तिचंच घनफळ काढलं असतं तर दोन ओळींत झालं असतं. पण फॉर्मात तसा रकाना नव्हता आणि मला तक्ता करून दाखवायचा होता.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं, कागद पुढं ठेवला. ते हुशार होते, त्यांना लगेच समजलं.  मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि मला नीट समजावलं. केस औरंगाबादला गेली आहे. तिच्यावर त्यांची सही आहे. तक्ता तालुकाभर गेला आहे, त्याच्यावरही त्यांची सही आहे. आता चूक कबूल करायची तर एका पेवाची नाही, पन्नास पेवांची कबूल करावी लागेल. तुझी नोकरी जाईल, माझंही काही खरं नाही, आणि ज्वारी तर केव्हाच रेल्वेनं गेली.

"आगे से सही कर लो," ते म्हणाले. "पीछे का छोड़ दो."

मी नवा तक्ता केला. तीन पानांचा झाला. जुना तक्ता परत मागवून साहेबांनी स्वतःच्या देखत फाडला. मागचं आम्ही सोडून दिलं. नोकरी मी सोडली नाही. आई होती, लढाईचे दिवस होते, ही कारणं खरी आहेत, पण भीती हे त्याहून खरं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी गावी गेलो. मामा अंगणात दोर वळत होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं की माझंच चुकलं, पेवात पंधराच बसत होती.

ते दोर वळत राहिले. "मला काय सांगून राह्यला?" ते म्हणाले. "मला तर तवाच ठाव व्हतं. त्याला सांग." आणि मानेनं भिंतीकडे दाखवलं.

मी भिंतीला वळसा घालून धाकट्यांकडे गेलो. त्यांनी बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं. मी मातीत वर्तुळं काढली. ते ऐकून घेत होते पण बघत नव्हते. मग मी एक रिकामा रांजण मागितला. आधी तो तसाच ज्वारीनं भरून शेरानं मोजला. मग ज्वारी काढून आतून चार बोटं कडब्याचं अस्तर दाबून बसवलं आणि पुन्हा भरला. निम्मीसुद्धा ज्वारी मावली नाही. "बघा," मी म्हणालो, "एवढ्याशा अस्तरानं एवढी जागा खाल्ली."

धाकट्या मामांनी रांजणात हात घालून बघितला. कडबा चाचपला. मला वाटलं, पटलं. मग ते म्हणाले, "त्या कागदावर सरकारचा शिक्का हाय. तुझ्या या रांजणावर कशाचा हाय?"

मी म्हणालो की शिक्का असलेला कागद मला देता येत नाही.

"मंग भाचा मामाला वाचवून राह्यला, असंच म्हणावं लागंल की न्हाई?" ते म्हणाले. "फाल्गुनात तू चार लोकांत दादाला बोललास, मोजायचं आमच्यावर सोडा म्हणून. मी सोडलं. आता मी कशाकशावर इश्वास ठेवू?"

मी पुष्कळ बोललो. गणित करणाऱ्या माणसाला वाटतं की बरोबर उत्तर एकदा मांडून दाखवलं की काम झालं. चुकीचं उत्तर आठ महिने लोकांच्या घरात राहिलं, त्यानं भिंत बांधली, लग्न मोडलं, रान पडीक ठेवलं. बरोबर उत्तराला आता तिथं बसायला जागा नव्हती.

थोरल्या मामांनी त्यानंतर पेव भरलं नाही. माती ओतून बुजवून टाकलं. दुसऱ्या गावची बोलावणी बंद झाली. ज्यानं स्वतःच्या भावाचं खाल्लं त्याला आपल्या पेवात कोण उतरू देईल? थोडीफार ज्वारी व्हायची ती कणगीत राहायची आणि तिला किडे लागायचे. रझाकारांच्या धामधुमीत गावातली बरीच घरं हद्दीपलीकडे निघून गेली. धाकटेही गेले. थोरले गेले नाहीत. त्याच पावसाळ्यात हिवतापानं वारले. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. धाकट्यांना निरोप मिळाला होता की नाही ते नक्की कळलं नाही. ते म्हणायचे नाही, थोरल्या मामी म्हणायच्या मिळाला होता.

पोलीस ॲक्शननंतर तहसिलीत नवे साहेब आले, बाहेरच्या प्रांतातले, मराठी बोलणारे. जुने साहेब सामान बांधून हैदराबादला निघून गेले. पडवीत जुन्या कागदांचे गठ्ठे लावून ठेवले होते. त्यांत आठवडाभर शोधून मी मामांच्या पेवाचा कागद काढला. त्यावर दोन अंगठे, एक सही आणि माझ्या अक्षरातले चोवीस. शेजारी मी शुद्ध गणित लिहिलं, खाली दुरुस्ती लिहिली आणि नव्या साहेबांपुढं नेलं. मी सगळी हकीकत सांगायच्या तयारीनं गेलो होतो. त्यांनी वाचलंही नाही. जुन्या राजवटीची काही किरकोळ भानगड असेल म्हणून सही केली, शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

तो कागद घेऊन मी गावी गेलो. धाकटे मामा परत आले होते. मी कागद वाचून दाखवला, शिक्का दाखवला. त्यांनी शिक्क्यावरून बोट फिरवलं.  मग म्हणाले की तिकडं वहिनीला दाव, आणि बैलांना पाणी पाजायला निघून गेले.

थोरल्या मामी ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. मी त्यांनाही वाचून दाखवलं. सगळं संपल्यावर त्यांनी विचारलं, "आता याचं काय करायचं असतं?"

मी कागद त्यांच्यापुढं धरला. त्यांनी सूप पुढं ओढलं आणि जेवून जा म्हणाल्या. मी जेवलो. कागद घडी करून खिशात घातला आणि अंबडला परत आलो. पुढच्या वर्षी मला मास्तरकी मिळाली आणि चौतीस वर्षं मी गणित शिकवलं.